प्रिन्सटाउन : डार्टमूरच्या माथ्यावरचं, १९५६ साली बंद झालेलं स्टेशन

डोंगरवाट

इंग्लंडमधलं सगळ्यात उंचावरचं स्टेशन कुठलं म्हटलं की आज डेंटचं नाव घेतात, समुद्रसपाटीपासून ११५० फूट. पण मार्च १९५६ पर्यंत तो मान डेव्हनमधल्या प्रिन्सटाउनचा होता, १३७३ फूट. डार्टमूर नावाच्या विस्तीर्ण माळाच्या ऐन माथ्यावरचं छोटं गाव, वर्षाला जवळपास २००० मिलिमीटर पाऊस, पाऊस नसेल तेव्हा धुकं आणि वारा, आणि गावाच्या मानाने अवाढव्य असा ग्रॅनाइटचा तुरुंग. इथवर साडेदहा मैलांची ब्रँच लाइन चढून यायची, खाली येल्व्हर्टनला ती प्लिमथ-टॅव्हिस्टॉक लाइनला मिळायची. मी प्लिमथला राहतो, रुळांच्या जागी आता पायवाट आहे तिथे जमेल तेव्हा जातो, आणि दर वेळी वाटायचं की जिथे मेंढ्या सोडून कुणी दिसत नाही अशा माळावर रेल्वे न्यायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल. मग वाचायला लागलो. जे सापडलं त्यावरून माझं मत असं झालंय की ही लाइन मुळात माणसांसाठी टाकलेलीच नव्हती, दगडासाठी आणि तुरुंगासाठी टाकलेली होती, आणि ती बंद का पडली याचं उत्तरही तिथेच आहे.

सुरुवात होते सर थॉमस टिरविट या माणसापासून. हे प्रिन्स ऑफ वेल्सचे, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्ज राजाचे, खाजगी सचिव. डार्टमूरची ही सगळी जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे युवराजाच्याच इस्टेटीतली. टिरविटना या माळावर शेती करायची होती, जवस, ताग असलं काहीतरी पिकवायचं होतं. १७८० च्या दशकात त्यांनी इथे टॉर रॉयल नावाचं घर बांधलं आणि शेजारी वसलेल्या वस्तीला राजपुत्रावरून प्रिन्सटाउन नाव पडलं. शेती काही जमली नाही, इथली माती आंबट आणि हवा गार. मग नेपोलियनशी युद्ध चालू असताना फ्रेंच कैद्यांचा प्रश्न आला. प्लिमथच्या बंदरात जुन्या जहाजांमध्ये कैदी अक्षरशः कोंबलेले होते. त्यांच्यासाठी माळावर तुरुंग बांधावा यामागे टिरविटच. १८०६ मध्ये पाया घातला, १८०९ मध्ये पहिले कैदी आले, पुढे १८१३ पासून अमेरिकन कैदीही. आणि १८१५ ला युद्ध संपलं, कैदी मायदेशी गेले, तुरुंग ओस. तुरुंगावर जगणारं गावही रिकामं व्हायला लागलं.

हे गाव मरू नये म्हणून टिरविटनी रेल्वेची योजना मांडली. १८१९ ला संसदेने कायदा केला, २६ सप्टेंबर १८२३ ला प्लिमथ अँड डार्टमूर रेल्वे किंग टॉर या टेकडीपर्यंत उघडली आणि नंतर काही वर्षांनी प्रिन्सटाउनपर्यंत पोचली. इंजिन नाही हं, घोडे. स्टॉकटन-डार्लिंग्टन या वाफेच्या पहिल्या सार्वजनिक रेल्वेच्याही दोन वर्षं आधीची गोष्ट आहे ही. वर चुना, कोळसा, लाकूड न्यायचं, शेतात घालायला समुद्राची वाळू न्यायची आणि खाली ग्रॅनाइट आणायचा असा हिशोब होता. वर जाणारा माल कधीच फारसा झाला नाही. खाली येणारा दगड मात्र झाला, आणि लाइन हळूहळू फॉगिनटॉर आणि स्वेलटॉरच्या खाणी चालवणाऱ्यांच्या ताब्यात गेली. टिरविट १८३३ मध्ये कॅलेला वारले, त्यांचं भरभराटीचं गाव काही त्यांना बघायला मिळालं नाही.

पुढे १८५० ला तुरुंग परत उघडला, या वेळी सक्तमजुरीच्या कैद्यांसाठी, आणि गावाला जीव आला. १८७८ ला प्रिन्सटाउन रेल्वे कंपनी निघाली, नावाला स्वतंत्र, चालवणारी ग्रेट वेस्टर्न ही मोठी रेल्वे कंपनी. त्यांनी घोड्यांच्या रेल्वेचा वरचा भाग घेऊन त्याच्यावरच वाफेच्या गाडीसाठी लाइन टाकली, ११ ऑगस्ट १८८३ ला उघडली. सुरुवातीला येल्व्हर्टनला स्टेशनच नव्हतं, गाड्या होराब्रिजपर्यंत जायच्या, येल्व्हर्टन १८८५ ला झालं.

वरच्या स्टेशनात एकच फलाट, दगडी इमारत, सिग्नल केबिन, इंजिनाची शेड, पाण्याची टाकी आणि मालधक्का. तुरुंगाचा कोळसा इथे उतरायचा, वॉर्डर आणि त्यांची कुटुंबं इथूनच बाजाराला जायची. १९२२ च्या सुरुवातीला कंपनी ग्रेट वेस्टर्नमध्ये विलीन झाली, १९४८ ला सगळंच सरकारी झालं आणि ३ मार्च १९५६ च्या शनिवारी शेवटची गाडी गेली. रूळ लगेच उखडले. स्टेशनची इमारतही पुढे पाडली. आज तिथे जाऊन उभं राहिलं तर इथे स्टेशन होतं हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

कुणाला यात अजून माहिती असेल, विशेषतः रेल्वेतल्या जाणकारांना, तर जरूर लिहा.

मेघना०७

किती सुंदर लिहिलंय! डार्टमूर तुरुंगाचं नाव ऐकलं होतं पण त्याच्यामागे रेल्वे आहे हे माहीतच नव्हतं. एक विचारायचं होतं, कैद्यांना पण याच गाडीने आणायचे का? आणि तो तुरुंग आता चालू आहे का?

डोंगरवाट

@मेघना०७ हो, लाइन होती तोवर कैदीही याच गाडीने वर यायचे. आयर्लंडच्या १९१६ च्या उठावानंतर डी व्हॅलेरा, म्हणजे पुढचे त्यांचे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष, काही काळ याच तुरुंगात होते. पहिल्या महायुद्धात १९१७ पासून तर इथले नेहमीचे कैदी हलवून, लढायला नकार दिलेल्या माणसांना इथे ठेवलं. ही माणसं गुन्हेगार नव्हती, कुणी धर्माने क्वेकर, कुणी समाजवादी, मारणार नाही म्हणाले एवढंच. त्यांच्याकडून माळावर रस्ता करून घेतला तो अजून आहे, कुठेही न जाणारा, माळावर मध्येच संपतो. मला तो रस्ता बघून फार वाईट वाटतं, काम द्यायचं म्हणून दिलेलं काम.

तुरुंग २०२४ पासून रिकामा आहे. ग्रॅनाइटमधून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू निघतो, त्याचं प्रमाण जास्त भरलं म्हणून कैदी दुसरीकडे हलवले. तात्पुरतं बंद असं जाहीर केलंय. म्हणजे १८१५ ला जे गावाचं झालं तेच परत, फक्त या वेळी सोडवायला कुणी रेल्वे आणणार नाहीये.

गार्डसाहेब

उत्तम धागा. मी मध्य रेल्वेत होतो, घाट सेक्शनमध्ये बरीच वर्षं गेली, त्यामुळे थोडं तांत्रिक लिहितो.

या लाइनवर चढ १ ला ४० पर्यंत आहे, म्हणजे ४० फूट पुढे गेल्यावर १ फूट वर. आपल्या बोरघाटात १ ला ३७ आहे, तेव्हा अंदाज घ्या. फरक हा की बोरघाटात मागून बँकर, म्हणजे जादा इंजिन लावतो, जोर देतो, इथे एक लहान टँक इंजिन आणि एक-दोन डबे, भागलं. ग्रेट वेस्टर्नची ४४०० वर्गाची इंजिनं इथे असायची, हा वर्गच असल्या डोंगरी ब्रँचसाठी काढलेला, अवघी ११ इंजिनं बांधली. चाक फक्त ४ फूट दीड इंचाचं. चाक लहान म्हणजे वेग कमी पण ओढायला जोर जास्त, वर सतत वळणं, तिथे ताशी ६० मैल पळणारं इंजिन काय कामाचं.

साडेदहा मैल लांबी आहे पण सरळ रेषेत अंतर सहाएक मैलच भरेल. याचं कारण डोंगरवाट यांच्या लेखातच आहे. मूळ आखणी घोड्यांसाठी होती. १८२३ च्या वेळी बोगदा, उंच भराव, मोठे पूल यावर खर्च करायचा नाही, तर डोंगराच्या कडेकडेने, उंची राखत राखत जायचं, ओढा आला की आत वळायचं, परत बाहेर यायचं. घोड्याला एकसारखा सौम्य चढ हवा आणि भरलेल्या वाघिणी उताराने आपसूक खाली यायला हव्यात. ६० वर्षांनी वाफेची गाडी आली ती त्याच आखणीवर, थोडी वळणं सरळ केली इतकंच. किंग टॉरला लाइन टेकडीला जवळजवळ पूर्ण वळसा घालते. गाडीतून पाहिलं तर जिथून आलो तोच रूळ खाली दिसायचा.

अजून एक. येल्व्हर्टनची मुख्य लाइन १८५९ ला उघडली ती ब्रॉडगेज, आणि त्यांचं ब्रॉडगेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ७ फूट पाव इंच, आपल्या साडेपाच फुटांपेक्षाही मोठं. १८७६ ला त्याच लाइनमध्ये तिसरा रूळ टाकून ४ फूट साडेआठ इंचाच्या गाड्यांची सोय केली. म्हणून १८८३ ला प्रिन्सटाउन लाइन सरळ स्टँडर्ड गेजची टाकता आली. घोड्यांच्या रेल्वेचं गेज तर ४ फूट ६ इंच होतं, तिसरंच. एका डोंगरावर तीन गेजचा इतिहास, असं फार ठिकाणी सापडणार नाही.

इंजिनवेडा

वा काका, मस्त माहिती. मला वाटतं ही लाइन पण बीचिंगच्या कुऱ्हाडीतच गेली असणार ना? इंग्लंडमधल्या बंद पडलेल्या सगळ्या ब्रँच लाइनी त्यानेच बंद केल्या.

टपालवाला

@इंजिनवेडा नाही, तारखा बघा. बीचिंग म्हणजे ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष, लाइनी बंद करा सांगणारा त्यांचा अहवाल मार्च १९६३ चा. प्रिन्सटाउन १९५६ ला बंद झालं, सात वर्षं आधी. हा गैरसमज इंग्लंडमध्येही सर्रास आहे, काहीही बंद पडलेलं दिसलं की नाव बीचिंग यांचं. खरं म्हणजे राष्ट्रीयीकरणानंतर लगेच, १९४९ ला, ब्रँच लाइन कमिटी नेमली होती, तिचं काम एकच, कुठली ब्रँच सगळ्यात कमी वापरात आहे ते शोधून बंद करायची शिफारस करायची. १९४८ ते १९६२ मध्ये ३००० मैलांपेक्षा जास्त लांबीच्या लाइनी अशाच गुपचूप गेल्या. बीचिंग यांनी पुढे २३६३ स्टेशनं आणि ५००० मैल बंद करा असं एकदम एका पुस्तकात छापून सांगितलं म्हणून ते सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. प्रिन्सटाउनच्या वेळी असं देशभर काही झालं नाही, एक छोटी लाइन, एक छोटं गाव, कोण ओरडणार.

येल्व्हर्टनची मुख्य लाइनसुद्धा अहवालाच्या आधीच गेली, ३१ डिसेंबर १९६२ ला. तिचे शेवटचे दिवस तर वाईट गेले, त्याच आठवड्यात मोठं हिमवादळ आलं आणि शेवटच्या गाड्या बर्फात अडकल्या. निरोप द्यायला आलेल्या लोकांना धड निरोपही देता आला नाही.

डोंगरवाट

@टपालवाला अगदी बरोबर. मला तर वाटतं की बीचिंग यांच्यावर सगळं ढकलल्यामुळे खरी कारणं बघायची राहून जातात. प्रिन्सटाउनचं गणित १९५० च्या कितीतरी आधी बिघडलं होतं. १९२० च्या दशकात बस आली. गावातून बसमध्ये बसलं की थेट प्लिमथ. गाडीने जायचं तर आधी डोंगराला वळसे घालत येल्व्हर्टन, तिथे उतरून दुसरी गाडी. आणि दगड, ज्याच्यावर लाइन जगायची, तो विसाव्या शतकात कमी कमी होत गेला. काँक्रीट आलं, ग्रॅनाइटची मागणी पडली, खाणी मिटल्या, मधे पुन्हा थोड्या उघडल्या, परत मिटल्या. माल गेला आणि उरले फक्त प्रवासी, आणि प्रवाशांसाठी ही आखणी कधी नव्हतीच. घोड्याला सोयीचे वळसे माणसाला कशाला परवडतील.

ग्रेट वेस्टर्नने प्रयत्न केले नाहीत असं नाही. हॉल्ट काढले एकामागून एक. १९२४ ला बरेटर धरणाची उंची वाढवायचं काम चालू होतं त्या कामगारांसाठी धरणाजवळ एक हॉल्ट काढला आणि पुढच्या वर्षी तो सगळ्यांना खुला केला. १९२८ ला किंग टॉर, १९३६ ला इंग्रा टॉर. यातले शेवटचे दोन म्हणजे लाकडी फलाट आणि एक छोटी खोपटी, आजूबाजूला एकही घर नाही. रविवारी माळावर फिरायला येणाऱ्यांना उतरता यावं म्हणून. इंग्रा टॉरला पाटी होती, इथे साप आहेत, कुत्र्याला पट्ट्याने बांधून ठेवा. ब्रिटनमधला एकमेव विषारी साप, अॅडर, इथे खरोखर असतो, उन्हाळ्यात दगडावर ऊन खात पडलेला दिसतो. मी पाहिलाय, हात-दीड हाताचा, पाठीवर नागमोडी काळी नक्षी.

खडीवाला

माझा दगडाचाच धंदा आहे त्यामुळे हा धागा दोनदा वाचला. तुम्ही स्वेलटॉरचं नाव घेतलं आणि तिथले ते तोडे राहिलेच की! लंडन ब्रिजचे. त्यावर लिहा ना सविस्तर. आणि एक शंका, मी वाचलं होतं की लंडन ब्रिजचा ग्रॅनाइट हेटॉरचा. मग स्वेलटॉर की हेटॉर? दोन्ही डार्टमूरच ना?

डोंगरवाट

@खडीवाला त्यासाठी वेगळा प्रतिसाद ठेवला होता, कारण मला या लाइनवरची सगळ्यात आवडती जागा तीच.

दोन्ही बरोबर आहे, काळ वेगळा. १८३१ ला जो लंडन ब्रिज उघडला त्याला हेटॉरचा ग्रॅनाइट गेला. हेटॉर डार्टमूरच्या पूर्वेला, तिथे १८२० पासून घोड्यांची आणखी एक रेल्वे होती आणि तिचे रूळसुद्धा लोखंडाचे नव्हते, ग्रॅनाइटच्याच लांब दगडांना खाच पाडून केलेले. ते अजून जागेवर आहेत. स्वेलटॉरचा संबंध नंतरचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनची वाहतूक पुलावर मावेना, तेव्हा १९०२ ते १९०४ मध्ये पूल रुंद केला. रुंद कसा, तर दोन्ही बाजूंनी पदपथ पुलाच्या बाहेर काढले आणि त्याला खालून आधार द्यायला ग्रॅनाइटचे तोडे बसवले. आपल्याकडे वाड्याच्या सज्जाखाली देतात ना, तेच काम. हे तोडे स्वेलटॉरला घडवले आणि याच ब्रँच लाइनने खाली गेले.

त्यातले बारा गेले नाहीत. खाणीच्या सायडिंगला लागून, रुळांच्या अगदी कडेला, ओळीने पडलेत. एकेक तोडा माणसापेक्षा लांब, तीन बाजू सपाट घडवलेल्या, पुढचं टोक गोलाईने खाली उतरत आणलेलं. हात फिरवला की छिन्नीच्या खुणा लागतात, बारीक, एकमेकीला समांतर, कुठेही घाई नाही. शंभर-सव्वाशे वर्षं डार्टमूरचा पाऊस खाऊनही कडा धारदार आहेत. वरच्या बाजूला शेवाळं आणि मेंढ्यांनी अंग घासल्यामुळे लोकरीचे धागे. जास्तीचे झाले म्हणून राहिले की मापात बसले नाहीत म्हणून, दोन्ही सांगतात. मला मापात न बसल्याचं काही पटत नाही, काम इतकं नेमकं आहे की.

खडीवाला

ग्रॅनाइटवर अशी गोलाई हाताने काढायची म्हणजे काय आहे ते मला माहितीये. मशिनवर सुद्धा कारागीर दोनदा विचार करतो. एक टोक उडालं की पूर्ण दगड बाद. त्या लोकांना सलाम. कोण होते हे कारागीर, तिथेच राहायचे का?

डोंगरवाट

हो, खाणीपाशीच वस्ती होती. फॉगिनटॉरला कामगारांची घरं होती, आता भिंतींचे पडके तुकडे उरलेत. खाणीत पाणी भरून तळं झालंय. त्या लोकांसाठी किराणा, पोस्ट, डॉक्टर म्हणजे प्रिन्सटाउन आणि तिथून ही गाडी.

आणि या दगडाचा पुढचा प्रवास ऐका. १९६८ ला लंडन ब्रिज विकला, मॅकलॉक नावाच्या अमेरिकन उद्योगपतीने २४ लाख ६० हजार डॉलरला घेतला आणि ॲरिझोनात लेक हावासू सिटीला नेऊन १९७१ ला परत उभा केला. आता तो आतून काँक्रीटचा आणि वरून जुना दगड आहे. त्यासाठी दगडाची जाडी कमी करावी लागली, आतल्या बाजूने १५-२० सेंटिमीटर कापून काढली. कुठे कापली, तर मेरिव्हेलच्या खाणीत, म्हणजे प्रिन्सटाउनपासून दोन-तीन मैलांवर. डार्टमूरहून गेलेला दगड शंभर-दीडशे वर्षांनी पुन्हा डार्टमूरला आला, कापला गेला आणि मग अमेरिकेला गेला. तेव्हा स्टेशन बंद होऊन बारा वर्षं झाली होती, ट्रकनेच आला असणार.

मेघना०७

अंगावर काटा आला हे वाचून! म्हणजे बारा तोडे डोंगरावर राहिले आणि त्यांची भावंडं वाळवंटात पोचली.

हिमगौरी

मी एक्सेटरला असते, इथल्या लोकांच्या तोंडी १८९१ च्या हिमवादळाची गोष्ट अजून असते आणि त्यात प्रिन्सटाउनची गाडी येतेच. ९ मार्च १८९१, सोमवार. संध्याकाळची गाडी प्रिन्सटाउनहून निघाली तेव्हाच बर्फ आणि वारा जोरात होता. खाली येता येता बर्फाच्या ढिगात रुतली, ना पुढे ना मागे. मोजके प्रवासी होते. डब्याच्या फटींतून, दाराखालून बर्फाचा भुगा आत यायचा. इंजिनाची आग विझली, दिवे गेले, खायला काही नाही. दोन रात्री तशाच काढल्या त्यांनी, एकमेकांना चिकटून बसून. बुधवारी सकाळी एक शेतकरी बर्फात गाडल्या गेलेल्या मेंढ्या शोधत फिरत होता त्याला ही गाडी दिसली. त्याचं घर तिथून काहीशे यार्डांवर होतं, हाकेच्या अंतरावर, पण त्या वादळात ना यांना घर दिसलं ना त्याला गाडी. त्या आठवड्यात इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात दोनशेच्या वर माणसं गेली आणि हजारोंनी मेंढ्या मेल्या. गाडीतले सगळे वाचले हे मला कायम नवल वाटतं.

गार्डसाहेब

@हिमगौरी ताई, ही हकिगत मला नवीन होती. तारायंत्र होतं, पण वादळात ताराच तुटलेल्या असणार. गाडी एका स्टेशनातून सुटली आणि पुढच्या स्टेशनात आलीच नाही, स्टेशनमास्तरची काय अवस्था झाली असेल याची कल्पना मी करू शकतो. घाटात दरड कोसळून गाडी अडकते तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो, मधे कुठे आहे. त्या शेतकऱ्याचे उपकार.

इंजिनवेडा

पण मग लोकांनी ही लाइन वाचवली का नाही? इंग्लंडमध्ये तर कितीतरी जुन्या लाइनी हौशी लोक चालवतात, वाफेची इंजिनं, जुने डबे, तिकिटं. इतकी देखणी लाइन, राष्ट्रीय उद्यानातून जाणारी, टूरिस्टची रांग लागली असती. स्पष्टच बोलतो, हा त्यांचा मूर्खपणा झाला.

टपालवाला

@इंजिनवेडा १९५६ च्या नजरेने बघा. तोवर स्वयंसेवकांनी चालवलेल्या रेल्वे म्हणजे वेल्समधली टॅलीलिन, १९५१ पासून, असल्या छोट्या गेजच्याच. स्टँडर्ड गेजची पूर्ण प्रवासी लाइन लोक चालवू शकतील हे पहिल्यांदा दिसलं १९६० मध्ये, ससेक्सच्या ब्लूबेल रेल्वेने. १९५६ ला कुणाला सुचणार? आणि रूळ लगेच काढले म्हटल्यावर वाचवायला उरलं काय? ज्या लाइनी पाच-सात वर्षं नंतर बंद झाल्या आणि रूळ जाग्यावर राहिले त्या वाचल्या. डेव्हनमध्येच बघा, टॉटनेसजवळची डार्ट व्हॅली लाइन. ती १९६९ ला पर्यटकांसाठी परत सुरू झाली आणि तिच्या उद्घाटनाला स्वतः डॉक्टर बीचिंग आले होते.

माझं मत विचाराल तर बंद करणं तेव्हाच्या हिशोबाने योग्यच होतं. दिवसाला मूठभर प्रवासी, दोन-तीन इंजिनं, ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, लाइनमन, सिग्नलवाले, बर्फ काढायची माणसं. हा खर्च कुणी करायचा?

डोंगरवाट

@टपालवाला खर्चाचं मान्य. तरी मी पूर्ण सहमत नाही. हिशोब फक्त तिकिटाचा केला. ज्या गावात सरकारचाच तुरुंग आहे, जमीन राजघराण्याच्या डचीची आहे, हिवाळ्यात रस्ते बंद पडतात, तिथली लाइन ही काही नुसती कमाईची गोष्ट नव्हती. ज्या सरकारने इतकी माणसं तिथे नेऊन ठेवली त्याच सरकारने त्यांची ये-जा तोट्याची म्हणून बंद केली, हे मला बरोबर वाटत नाही. आणि रूळ इतक्या घाईने उखडायची काय गरज होती? जमीन तरी एकसंध राखायची. येल्व्हर्टन ते डाउसलंड भागात रुळांची जागा विकली गेली, कुणाच्या बागेत गेली, घरं झाली. आता उद्या कुणी म्हटलं तरी लाइन परत टाकता येणार नाही.

डार्टमूरच्या उत्तरेला ओकहॅम्प्टनची लाइन नोव्हेंबर २०२१ ला परत सुरू झाली ती याच कारणाने, प्रवासी गाड्या बंद झाल्या तरी खडीच्या खाणीमुळे रूळ राहिले होते. आज तिथे लोक भरभरून जातात. तिथेही शेवटी दगडानेच लाइन वाचवली.

टपालवाला

ओकहॅम्प्टनचं उदाहरण चांगलं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. जमीन राखायला हवी होती हे मलाही पटतं. ते तर फुकटात झालं असतं.

मेघना०७

मी पुढच्या महिन्यात बहिणीकडे ब्रिस्टलला जातेय. एक दिवस काढून इथे जायचा विचार आहे. सोबत आई असेल, वय ६८, रोज चालायची सवय आहे. कुठून सुरुवात करू? चढ जमेल का?

डोंगरवाट

@मेघना०७ आईंना नक्की जमेल. १ ला ४० चा चढ इंजिनाला जड, माणसाला जाणवतही नाही. प्रिन्सटाउनला गाडी लावा, अग्निशमन केंद्राच्या बाजूने वाट निघते, ती थेट रुळांचीच जागा. रुंद आणि मुरमाड आहे, सायकलीही असतात. समोर नॉर्थ हेसरी टॉरवरचा टीव्हीचा उंच मनोरा दिसत राहतो, धुक्यात दिशा चुकली तर तोच आधार, अर्थात तोही धुक्यात गेला नाही तर. किंग टॉरच्या वळणाच्या पुढे खाणीचं सायडिंग फुटतं, ते धरलं की तोडे तुमच्या वाटेवरच आहेत, शोधायला लागत नाहीत. तिथे गवतात स्लीपरच्या जागा नीट बघा, ओळीने खळगे दिसतात. परत येताना फॉगिनटॉरच्या तळ्यावरून या. निवांत चाललात तर तीन तास. रेनकोट आणि विंडचीटर दोन्ही घ्या, महिना कुठलाही असो. गावात कॅफे आहेत, पण संध्याकाळी लवकर बंद होतात म्हणून डबा सोबत असू द्या.

गार्डसाहेब

डोंगरवाट, एक विनंती. घोड्यांच्या रेल्वेच्या काळातलं काही उरलंय का? त्या वेळी लाकडी स्लीपर नसत, दगडाचे ठोकळे असत. त्यांचा फोटो मिळाला तर बघायचाय, रूळ कसा बसवलेला होता ते.

डोंगरवाट

@गार्डसाहेब काका, आहेत ना. येल्व्हर्टनच्या खाली रॉबरो डाउन नावाचा माळ आहे तिथे बरेच ठोकळे अजून जमिनीत जसेच्या तसे आहेत. दोन-अडीच वीत रुंद ग्रॅनाइटचा ओबडधोबड दगड, मधे एक किंवा दोन भोकं. भोकात लाकडी खुंटी ठोकून त्यात लोखंडी खिळा आणि त्याच्यावर रुळाची बैठक, असं काम होतं. दोन्ही रुळांखाली वेगवेगळे ठोकळे, मधे जोडणारं काही नाही, म्हणजे घोड्याला चालायला मधली जागा मोकळी. शनिवारी पाऊस नसला तर जातोच आहे तिकडे, भोकाची खोली मोजून फोटोसकट इथेच टाकतो.